निवृत्तीनंतर शेजारच्या ज्येष्ठांना डबा पोहोचवायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवली पूर्वेला रामनगर, टिळकनगर भागात लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारती अजून पुष्कळ आहेत. ऐन उमेदीत तिथे घर घेतलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. कुणाचे गुडघे गेले, कुणाचा खुबा मोडला, कुणाला अर्धांगवायू झाला. जिना उतरणं थांबलं की बाजार, देऊळ, कट्टा, सगळंच थांबतं. २०२०च्या टाळेबंदीत अशा घरांत डबे न्यायला ठिकठिकाणी सोसायटीतली तरुण मुलं पुढे आली. टाळेबंदी उठल्यावर मुलं आपापल्या नोकरीला लागली, तिसऱ्या मजल्यावरची माणसं मात्र तिसऱ्या मजल्यावरच राहिली. त्यांच्याकडे दुपारचं जेवण नेणारे आम्ही बहुतेक जण निवृत्त आहोत. बँकेतले, रेल्वेतले, शाळेतले, पोस्टातले. नव्याने येऊ पाहणारे आम्हाला जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

मला स्वयंपाक येत नाही. माझा काय उपयोग?

भरपूर. स्वयंपाक करणारे हात वेगळे, पोहोचवणारे पाय वेगळे. शिवाय हिशेब ठेवणं, पथ्याची यादी सांभाळणं, रिकामे डबे मोजून परत आणणं, कोण आज येणार नाही ते आदल्या रात्री विचारून बदली माणूस लावणं, अशी कामं असतात. त्यासाठी ऑफिसात आयुष्य काढलेला माणूसच बरा पडतो.

किती वेळ द्यावा लागतो?

आठवड्यातून एक किंवा दोन वार, दर वेळी दीड ते दोन तास. साडेअकराच्या सुमारास डबे घ्यायचे आणि एकच्या आत शेवटच्या घरी पोहोचायचं.

वेळेपेक्षा आम्ही एकच गोष्ट जास्त विचारतो, ती म्हणजे तुमचा वार कायम राहील का. उत्साहाच्या भरात लोक "मी रोज येतो" म्हणतात आणि पुढे दिवाळी, लग्नसराई, नातवंडांच्या सुट्ट्या यांत ते विरून जातं. त्यापेक्षा फक्त मंगळवार घ्या, पण खाडा करू नका. खाडा होणारच असेल तर आदल्या दिवशी सांगा, बदली माणूस मिळतो. ज्या घरी दिवसभरात दुसरं कुणी येत नाही, तिथे साडेबाराला वाजणाऱ्या बेलसाठी आजी सव्वाबारापासून दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसलेल्या असतात. एक वाजला की त्या डबा येणार नाही असं धरून चहाबरोबर दोन बिस्किटं खातात आणि मग उशिरा आलेलं जेवण जात नाही. मिनिटावर लोकल पकडायची सवय असलेल्या डोंबिवलीकराला ही शिस्त शिकवावी लागत नाही, एवढं मात्र अभिमानाने सांगावंसं वाटतं.

माझंच वय अडुसष्ट आहे. जिने झेपतील का?

आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. गुडघेदुखी किंवा दम लागण्याचा त्रास असेल तर आम्ही तळमजल्यापासून पहिल्या मजल्यापर्यंतचीच घरं देतो. भरलेला कडीचा डबा एक-दीड किलोच्या आसपास जातो. चार-पाच डबे एका हातात घेऊन जिना चढू नका. पिशव्या खाली सोबत्याकडे ठेवा, एका वेळी एकच डबा वर न्या आणि दुसरा हात कठड्यासाठी मोकळा ठेवा. म्हणूनच फेरी दोघांची असते. अंगात कणकण असेल किंवा सर्दी-खोकला असेल त्या दिवशी येऊ नका. तुमचा साधा खोकला पंच्याऐंशी वर्षांच्या छातीला महागात पडतो.

डबा कुणाला द्यायचा हे कसं ठरतं? माणूस गरीब असायला हवा का?

नाही. बँकेत भरपूर ठेवी आहेत, मुलगा कॅलिफोर्नियात आहे, रोज व्हिडिओ कॉल होतो, आणि तरी दुपारी ताटात काही नाही, अशी घरं आम्ही पाहिली आहेत. गॅसपाशी उभं राहवत नाही, पोळपाट-लाटणं हातात धरवत नाही, स्वयंपाकाची बाई महिनाभर गावी गेली आहे. आम्ही दोनच गोष्टी बघतो. स्वतः बाहेर पडता येतं का, आणि दुपारचं जेवण करून देणारं घरात कुणी आहे का. रुग्णालयातून नुकतेच घरी आलेले लोक काही आठवड्यांपुरते येतात आणि बरे झाले की थांबतात.

"आम्ही कुणाचं फुकट खात नाही" असं म्हणून लोक नकार देतात. मग?

त्यांचं बरोबरच आहे. ज्यांनी आयुष्यभर स्वतःच्या हिमतीवर घर चालवलं, त्यांना उपकाराचा घास जात नाही. म्हणून आम्ही पैसे घेतो. पूर्ण देणारे पूर्ण देतात, कुणी निम्मे, कुणी काहीच नाही. कोण किती देतं हे फक्त हिशेब ठेवणाऱ्या एका माणसाला माहीत असतं. डबा पोहोचवणाऱ्यालाही ते कळता कामा नये, म्हणजे दाराशी वागणं सगळ्यांशी सारखं राहतं. डबेही सगळ्यांचे सारखेच.

डबा देताना फोटो काढायचा नाही, ही आमची सगळ्यात कडक अट आहे. देणगीदारांना दाखवायलाही नाही. कुणाच्याही घरातली अडचण गटावर टाकण्यासाठी नसते.

जेवण कुठे बनतं? घरून नेलं तर चालेल का? परवाना लागतो का?

शेजारच्या एका काकूंना आपल्याच घरचं ताट वाढून दिलं तर कागदपत्रांचा प्रश्न येत नाही. पण ठरवून, रोज, पुष्कळ घरांत अन्न जाऊ लागलं की गोष्ट बदलते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधल्या अन्नव्यवसायाच्या व्याख्येत नफ्यासाठी नसलेलं कामही येतं. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी फॉसकॉस या पोर्टलवर ऑनलाइन होते. सोपा मार्ग म्हणजे आधीच नोंदणी असलेल्या पोळी-भाजी केंद्राकडून किंवा महिला बचत गटाकडून डबे करून घेणं. आम्ही तेच करतो. केंद्र चालवणाऱ्या ताईंना पक्की मागणी मिळते आणि आम्हाला रोजची चव व वेळ सांभाळून मिळते.

डब्यात काय असावं?

मऊ पोळ्या किंवा फुलके, एक भाजी, घट्ट वरण किंवा आमटी, भात आणि काहीतरी प्रथिनांचं. हे शेवटचं सगळ्यात आधी राहून जातं. एकटी म्हातारी माणसं चहा-बिस्कीट, दूध-पोळी आणि वरणाच्या पाण्यावर दिवस काढतात. त्याने पोट भरतं, पण मांड्या-दंडांचे स्नायू झिजतात आणि मग खुर्चीतून उठताना तोल जातो. म्हणून मूग, मटकी, दही, पनीर, खाणाऱ्यांसाठी उकडलेलं अंडं, असं काहीतरी रोज असायलाच हवं.

कवळी न बसणाऱ्यांसाठी गुरगुट्या भात, मेतकूट, दुधी किंवा लाल भोपळ्याची मऊ भाजी. उसळ असेल तर ती घोटून. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार आधी विचारून ठेवा. पण मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना दिवसभर उपास सोसत नाही, त्यांनी डॉक्टरांशी बोलून घेतलं आहे ना, हेही विचारा. कांदा-लसूण न खाणारी घरं आहेत, तशी रविवारी मासळीची आठवण काढणारीही आहेत. रविवारच्या डब्यात बांगड्याचं कालवण गेलं त्या घरचा डबा धुतल्यासारखा स्वच्छ परत आला होता. माणूस कितीही थकला तरी त्याची आवड शाबूत असते आणि ती विचारल्याचा आनंद जेवणाइतकाच असतो.

आणखी एक, डब्याचं झाकण. संधिवात झालेल्या बोटांना घट्ट बसलेलं स्टीलचं झाकण उघडत नाही. अशा घरी आत जाऊन झाकणं सैल करून ठेवा. कितीतरी डबे केवळ उघडता आले नाहीत म्हणून न खाता राहतात आणि सांगायला संकोच वाटतो.

पथ्याचं कसं सांभाळायचं?

पथ्य डॉक्टरांनी ठरवायचं, आपण पाळायचं. तरी काही गोष्टी पोहोचवणाऱ्याला माहीत असाव्यात.

मधुमेहात साखर टाळणं सगळ्यांना ठाऊक असतं, पण खरी जोखीम उशिराची असते. इन्सुलिन किंवा काही ठरावीक गोळ्या घेतल्यावर जेवण लांबलं तर साखर एकदम खाली येते. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

रक्तदाबवाल्यांचं मीठ कमी म्हणजे भाजीत कमी टाकून वर लोणचं-पापड द्यायचं असं नव्हे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते आणि ते पापड-लोणच्यात पटकन संपतं. "कमी सोडियम"चं मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, त्यात पोटॅशियम असतं. रक्त पातळ करणारं वॉरफरीन चालू असेल तर पालक-मेथी एखाद्या आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असं करू नका. प्रमाण सारखं ठेवा. अर्धांगवायूनंतर ज्यांना पातळ गिळताना ठसका लागतो, त्यांना आमटी किती घट्ट हवी हे घरच्यांकडून समजून घ्या. जेवताना आणि नंतर अर्धा तास तरी त्यांनी ताठ बसलेलं बरं.

प्रत्येक डब्याच्या कडीला खूण असते. आमच्याकडे ऑइलपेंटने काढलेलं अक्षर आणि मजला. मुंबईचे डबेवाले १८९० पासून डबे पोहोचवत आले आहेत आणि झाकणावरच्या खुणांवर त्यांचा सगळा कारभार चालतो. चिठ्ठी वाफेने ओली होऊन गळून पडते, रंग टिकतो.

आजी अर्धा डबा रात्रीसाठी ठेवतात. चालतं का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. जवळजवळ सगळेच ठेवतात. भूक कमी असते, अन्न टाकवत नाही आणि रात्रीची सोयही होते. धोका भाताचा जास्त. शिजवल्यावरही भातात काही जिवाणूंची बीजं टिकून राहतात, तो कोमट अवस्थेत ओट्यावर पडून राहिला की ती वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधे फार वेळ राहता कामा नये. एरवी दोन तास, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात एकच तास, हा ठोकताळा धरा.

रागावून उपयोग नाही. "आधी रात्रीचं काढून ठेवूया, मग तुम्ही जेवा," असं म्हणायचं आणि त्यांच्यासमोर फ्रिजमध्ये ठेवून यायचं. फ्रिज नसलेल्या किंवा बंद पडलेल्या घरी रात्रीसाठी दशमी, धपाटे, थालीपीठ असा टिकणारा जिन्नस वेगळा बांधून देतो. दुसऱ्या दिवशी फ्रिज उघडून कालचं उरलंय का ते बघायची परवानगी पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. परवानगीशिवाय उघडू नका.

दाराशी किती वेळ थांबायचं? काय बोलायचं?

पाच ते दहा मिनिटं. बोलायचं काय, हे ठरवून जायची गरज पडत नाही. हाक काय मारायची ते मात्र पहिल्या दिवशी विचारा. निवृत्त शिक्षिकेला "आजी" म्हटलेलं आवडत नाही, त्या "बाई" असतात. काहींना "काका" चालतं, काहींना आडनावापुढे "साहेब" लागतं. ऐकू कमी येणाऱ्यांशी ओरडून बोलू नका, समोर बसून सावकाश बोला.

बेल वाजवली, दार उघडलं नाही. मग?

डबा दाराला अडकवून निघून यायचं नाही, कधीही. पुन्हा बेल द्या, हाक मारा, घरातला फोन वाजवा आणि वाजताना आत ऐकू येतो का बघा. न्हाणीघरात असतील तर दहा मिनिटं थांबा. मग शेजारी. नाव नोंदवतानाच आम्ही विचारतो की जादा किल्ली कुणाकडे आहे, आणि शेजाऱ्याकडे ठेवायला सुचवतो. आपल्या माणसाने किल्ली स्वतःकडे घेऊ नये. किल्लीने उघडताना शेजारी बरोबर हवाच. किल्लीही नसेल तर नातेवाइकांना फोन आणि ११२.

काय दिसलं तर कळवायचं?

रोज बघणाऱ्याला डॉक्टरांच्याही आधी काही गोष्टी दिसतात. मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, कवळी बोलताना हलते, घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत गेला, म्हणजे वजन उतरतंय. पेपर न उघडता पडलेत. कालचाच डबा पुन्हा भरलेला आहे. नेहमी नीटनेटक्या राहणाऱ्या काकू दोन दिवस त्याच साडीत आहेत. गॅसचा वास येतोय. हे त्याच दिवशी समन्वयकाला सांगा, तो घरच्यांना कळवतो.

चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात उचलता येत नाही, बोलणं जड, यातलं काहीही असेल तर समन्वयकाची वाट बघू नका. आधी १०८ लावा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात की शेवटचे धडधाकट कधी पाहिले होते. एकट्या माणसाच्या बाबतीत त्याचं उत्तर कित्येकदा फक्त डबा देणाऱ्याकडे असतं. म्हणून वहीत प्रत्येक घरापुढे वेळ लिहायची.

औषधं आणणं, बँकेची कामं, हे करायचं का?

चिठ्ठी दिली तर दुकानातून औषध आणून द्या, पावतीसकट. डबीत गोळ्या भरणं, डोस सांगणं, इन्सुलिन टोचणं, नाही. एटीएम कार्ड, पिन, ओटीपी, सही केलेला कोरा चेक हातात घ्यायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी.

हयातीच्या दाखल्याला मात्र आवर्जून मदत करा. नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांना घोर लागतो आणि जिना उतरवत नसला तर फारच. २०१४ पासून जीवन प्रमाण या डिजिटल सोयीने दाखला घरबसल्या देता येतो, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. पोस्टमनला घरी बोलावूनही करता येतो. केंद्र सरकारच्या ऐंशी वर्षांपुढच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच तो देता येतो. आमच्यातले बँकवाले या कामाला हौसेने जातात.

घरातलेच लोक त्रास देतात असं जाणवलं तर?

मधे पडून भांडू नका, आणि गप्पही बसू नका. दंडावरचे वळ, नातेवाईक समोर असताना बोलणं बंद होणं, डबा दुसऱ्याच कुणी खाणं, हे समन्वयकाला एकांतात सांगा. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन आहे, तिथे सल्ला मिळतो. २००७च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली निर्वाहासाठी उपविभागीय स्तरावरच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि स्वतः जमत नसेल तर त्यांनी नेमलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही करू शकते. अर्ज करायचा की नाही हे त्या व्यक्तीनेच ठरवायचं. मारहाण चालू असेल तर मात्र थेट ११२.

धो धो पावसात काय?

जुलै-ऑगस्टमध्ये रस्ते तुंबतात, लोकल बंद पडतात, स्वयंपाकाच्या ताईच पोहोचत नाहीत. अमेरिकेत बर्फवृष्टीच्या आधी घरपोच जेवण देणाऱ्या संस्था टिकाऊ पदार्थांचा खोका घरात देऊन ठेवतात. आम्ही जूनच्या सुरुवातीला तसाच डबा देतो: राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे, खाकरे, मेतकूट, दूध पावडर. मधुमेह्यांसाठी लाडूंऐवजी फुटाणे. गॅस न पेटवता खाता आलं पाहिजे, एवढंच बघायचं. दर महिन्याला तारीख बघून बदलायचा.

ही पद्धत परदेशातून आली का?

संघटित रूपात ती ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये सुरू झाली आणि १९५४ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोहोचली. आजही तिकडे डबे नेणाऱ्यांत निवृत्त लोक पुष्कळ असतात. बाळंतिणीच्या घरी, आजाऱ्याच्या घरी, सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी जेवण नेणं मात्र आपल्याकडे कुणी शिकवावं लागलं नाही. ते रोज, वर्षानुवर्षं कसं चालू ठेवायचं, एवढं त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

स्कूटरने गेलो तर चालेल ना?

चालेल. फक्त लायसन्सवरची तारीख बघा. पंचावन्नच्या पुढे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं आणि निवृत्तीनंतर ते विसरलं जातं. हेल्मेट अर्थातच.

ज्यांच्याकडे आपण जातो ते एक दिवस जातात. ते कसं सोसायचं?

सोपं नाही आणि आम्ही तसं सांगतही नाही. दोन-तीन वर्षं रोज बघितलेलं माणूस असतं. भेटायला जा, दिवसकार्याला बोलावलं तर जा. त्या आठवड्यात फेरी नको वाटली तर सोबती सांभाळून घेतो. ते दार आपल्या वाटेवर असेल तर महिनाभर फेरीच बदलून मागा, आम्ही देतो. याबद्दल बोलता यावं म्हणून महिन्यातून एकदा सगळे चहाला बसतो आणि तिथे डोळे पुसले तर कुणाला नवल वाटत नाही.

आमच्या भागात असं काही नाही. सुरुवात किती घरांपासून करावी?

तीन. तीन घरं आणि चार पोहोचवणारे. एक आजारी पडला तरी खाडा होत नाही. आपल्याच सोसायटीत, वॉचमनला आणि दूधवाल्याला विचारा. कुणाची पिशवी दुपारपर्यंत दाराला लटकते हे त्यांना बरोबर माहीत असतं. ज्येष्ठ नागरिक संघात आणि जवळच्या फॅमिली डॉक्टरांकडे सांगून ठेवा. पहिला पावसाळा एकही वार न चुकता पार पडला की चौथं घर घ्या. यादी लवकर वाढते, लोक गळ घालतात, नाही म्हणवत नाही. तरीही पोहोचवणारा माणूस आधी आणि घर नंतर, हा क्रम मोडू नका. डबा सुरू करून चार महिन्यांनी बंद केला तर त्या घरची आधीची सोयही मोडलेली असते, पोळ्यांची बाई सोडलेली असते, आणि ती पुन्हा मिळत नाही.